इंदूरचे तेहतीस खड्डे

३० फूट लांब, १४ फूट रुंद, २ फूट खोल, कडा उतरत्या. इंदूरच्या कापूस-संशोधनाच्या शेतावर असे ३३ खड्डे तीन रांगांत खणलेले होते. दोन-दोन खड्ड्यांची जोडी आणि जोड्यांमध्ये १२ फुटांची वाट, म्हणजे भरलेली बैलगाडी कुठल्याही खड्ड्याच्या काठाला लागावी आणि समोरून येणाऱ्या रिकाम्या गाडीला अडवू नये. लगतच ४० बैलांचा गोठा, त्याच्या एका कोपऱ्यात वाळलेल्या मातीची कोठी. १९२४ ते १९३१ या वर्षांत इथं जे खत तयार झालं, त्याची रीत ‘इंदूर पद्धत’ या नावानं केनियातल्या कॉफीच्या मळ्यांत, हिंदुस्थान-सिलोनच्या चहाच्या मळ्यांत आणि इंग्लंडच्या शेतांवर गेली. सेंद्रिय शेतीचा इतिहास सांगणारी इंग्रजी पुस्तकं बहुधा इथूनच सुरू होतात, आणि एका माणसाचं नाव घेऊन पुढे जातात: सर अल्बर्ट हॉवर्ड.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. शाळेत विज्ञान शिकवलं आणि घरची कोरडवाहू कापूस-तुरीची शेती आधी सासऱ्यांबरोबर, आता एकटीनं केली. खताचा खड्डा भरणं, उपसणं, टोपल्यांनी बंडीत टाकणं, हे हातानं केलेलं काम आहे. म्हणून हॉवर्डची पुस्तकं वाचताना माझं लक्ष मातीकडे जितकं जातं तितकंच त्या गाडीवाटेकडे जातं. कोणीतरी रोज सकाळी गोठा झाडत होतं, कोणीतरी पाणी शिंपडत होतं, कोणीतरी सोळाव्या दिवशी खड्डा वरखाली करत होतं. इंदूर पद्धतीचा इतिहास हा खताच्या कृतीइतकाच या कामाचा इतिहास आहे, आणि ती पद्धत कुठे रुजली, कुठे मेली, हे कामाच्या बाजूनं पाहिल्यावरच कळतं.

थोडं मागे जायला हवं. १८८९ साली जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचा कृषिरसायनशास्त्रज्ञ विलायतेहून आला. हिंदुस्थानची शेती कशी सुधारावी हे त्यानं सरकारला सांगायचं होतं. तो वर्षभराहून जास्त फिरला आणि १८९३ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. इथला शेतकरी अडाणी आहे असं मानणाऱ्या साहेबांना त्यात चांगलीच चपराक होती. निंदणी, पाण्याची वाटणी, पेरणीची वेळ, पिकांची फेरपालट यांत इथला कुणबी विलायती शेतकऱ्याच्या तोडीचा, कुठे कुठे सरसही आहे, असं त्याचं मत झालं. आणि शेणाबद्दल तो जे म्हणाला ते मला फार मोलाचं वाटतं. शेण जळतं ते शेतकऱ्याला खताची किंमत कळत नाही म्हणून नाही, तर चुलीला लाकूड नाही म्हणून. गावाजवळ सरपणाची रानं राखा, म्हणजे शेण आपोआप शेतात जाईल.

माझी माय उन्हाळाभर गोवऱ्या थापायची. पावसाळ्याच्या आधी ढीग रचून वरून सारवून ठेवायची. ते शेण शेतात जायला हवं होतं हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण सहा माणसांचा स्वयंपाक त्याच्यावर व्हायचा. सरपणाची रानं राखण्याचा व्होल्करचा सल्ला सरकारनं नावापुरता घेतला. जंगलखात्याचं लक्ष सागवानावर होतं, चुलीवर नव्हतं.

हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत रुजू झाला. १८७३ चा जन्म, श्रॉपशरच्या शेतकऱ्याच्या घरातला. पुस्तकी शिक्षण उत्तम, पण स्वतःचं शेत कधी केलेलं नव्हतं. त्यानं ७५ एकर जमीन मागून घेतली आणि आसपासचे शेतकरी काय करतात ते पाहायला सुरुवात केली. त्यांच्या पिकांवर फारशी रोगराई नाही, औषध ते वापरत नाहीत, बाहेरचं खत घेत नाहीत, तरी जमीन पिढ्यान्पिढ्या पिकते आहे. ही माणसं आणि पिकांवरची कीड हेच माझे शिक्षक, असं त्यानं पुढे लिहून ठेवलं. परदेशी अधिकाऱ्यानं हे इतक्या स्पष्ट शब्दांत मान्य करणं त्या काळी साधी गोष्ट नव्हती, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर आहे.

त्याच्याबरोबर गॅब्रिएल हॉवर्ड होती. माहेरची मॅथाई, केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या श्वसनावर आणि प्रकाशसंश्लेषणावर काम केलेली शास्त्रज्ञ. १९०५ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि मग पंचवीस वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. पुशाचे प्रसिद्ध गहू, ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’, हे दोघांचं काम. मुळं जमिनीत किती खोल जातात, त्यांना हवा कशी मिळते, पाणी साचलं की ती कशी गुदमरतात, हा अभ्यासही दोघांचा, आणि खताच्या खड्ड्यात हवा खेळती हवी हा इंदूर पद्धतीचा कणा याच अभ्यासातून आला असावा असं मला वाटतं. १९३० मध्ये गॅब्रिएल गेली. खताच्या पद्धतीचं पुस्तक त्याच्या पुढच्या वर्षी आलं.

पुशात पिकाचे तुकडे पाडलेले होते. बुरशीचा विभाग वेगळा, किडींचा वेगळा, रसायनाचा वेगळा. झाड एक, पण ते पाहणारे पाच जण पाच खोल्यांत. हॉवर्डला हे पटेना. त्याला पेरणीपासून गोठ्यापर्यंत सगळं एका छताखाली हवं होतं. ती संधी मध्य भारतातल्या संस्थानांनी आणि इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीनं दिली. होळकर दरबारानं इंदूरला सुमारे ३०० एकर जमीन दिली. कमिटीचा पैसा कापसाच्या गाठींवरच्या कराचा होता, १९२३ च्या कायद्यानं बसवलेला. म्हणजे तो अखेर कापूस पिकवणाऱ्यांच्याच पदरातून गेलेला होता, वऱ्हाडातल्यांच्या आणि खानदेशातल्यांच्याही.

जागा काही फार चांगली नव्हती. माळव्याची काळी माती, पावसाळ्यात चिकट, पाणी धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. पाणी वाहून माती गेलेली. आधी उतार पाहून बांध घातले, चर काढले, साचणाऱ्या पाण्याला वाट दिली. मग खताकडे वळले.

अडचण साधी होती. शेण थोडं, त्यातलं निम्मं चुलीत. पण शेतात पालापाचोळा मात्र ढिगानं: पऱ्हाटी, तुराटी, गव्हाचा भुसा, उसाचं पाचट, निंदलेलं गवत, ताग. हे सगळं नुसतं जमिनीत गाडलं तर कुजताना मातीतलाच नत्र ओढून घेतं आणि पुढचं पीक पिवळं पडतं. जाळलं तर राख उरते. शेतात नेण्याआधी ते बाहेर कुजवायला हवं, लवकर कुजवायला हवं, आणि थोड्या शेणात कुजवायला हवं. चीन, कोरिया, जपानमधल्या शेतकऱ्यांवरचं एफ. एच. किंग यांचं १९११ चं पुस्तक हॉवर्डनं वाचलेलं होतं. तिथं हजारो वर्षं हेच चाललं होतं.

पऱ्हाटी टणक असते. ती वर्षभर पडून राहिली तरी सहज कुजत नाही, हे कापूस पिकवणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. इंदूरला ती शेतातल्या गाडीवाटांवर पसरून ठेवत. जाता-येता बैलांचे खुर आणि गाड्यांची चाकं तिचा चुरा करत. वेगळं यंत्र नाही, वेगळी मजुरी नाही. मग सगळा काडीकचरा एकत्र मिसळून गंजीत ठेवायचा. त्यातला थोडा थोडा रोज रात्री बैलांच्या अंगाखाली अंथरायचा. बैल मातीवरच उभे राहत, फरशी मुद्दाम केलेली नव्हती, कारण मातीवर जनावराला आराम मिळतो आणि मूत मातीत मुरतं. तीन-चार महिन्यांनी सहा इंच माती खणून काढायची, नवी भरायची. ती खणलेली, मुतानं भिजून वाळलेली माती कुटून कोठीत जपून ठेवायची, कारण कुजण्याला लागणारा नत्र तिच्यातच होता.

रोज सकाळी अंथरूण शेणासकट उचलून खड्ड्यात. त्याचा पातळ थर, वर मूत-माती आणि चुलीतली राख, मग शेणाचा पातळ काला, त्यात आधीच्या खड्ड्यातलं पिकत आलेलं खत विरजणासारखं. वरून पाणी. असे थर चढवत आठवड्याच्या आत खड्डा भरायचा. आत उष्णता चढते, ६५ अंशांपर्यंत. पहिल्यांदा पांढरी बुरशी धरते. सोळाव्या दिवशी पहिली उलथापालथ, महिन्यानं दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. प्रत्येक वेळी बाहेरचं आत, खालचं वर, आणि पाणी. नव्वदाव्या दिवशी खड्ड्यात काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत. पावसाळ्यात खड्डे पाण्यानं भरत, तेव्हा तेच काम जमिनीवर ढीग लावून चाले. ४० बैलांच्या जिवावर वर्षाला सुमारे हजार गाड्या खत निघत होतं.

खड्डा दोनच फूट खोल का? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा प्रश्न पडला होता, कारण आमच्याकडचे खड्डे माणूसभर खोल असायचे. त्याचं उत्तर हवेत आहे. खोल खड्ड्याच्या तळाशी हवा पोचत नाही, तिथला माल कुजत नाही, नासतो, घाण वास मारतो, आणि त्यातला नत्र उडून जातो. आमच्या गावचे उकिरडे याच कारणानं वर्षभर भरूनही निम्म्या कसाचं खत देत. उथळ खड्डा आणि तीन उलथ्या, या दोन गोष्टींनी तो कस वाचत होता.

फळ दिसायला वेळ लागला नाही. शेजारच्या तशाच जमिनीवर शेतकऱ्यांना एकरी सुमारे २०० पौंड, म्हणजे ९० किलो कापूस होत होता. संस्थेच्या शेतावर काही वर्षांत सरासरी जवळपास तिपटीवर गेली, आणि तीही जास्त पावसाच्या वर्षी आणि कमी पावसाच्या वर्षीही, असं हॉवर्डनं नोंदवलं आहे. त्याचं सगळं श्रेय तो खताला देतो. मला तेवढं मान्य होत नाही. जमिनीतल्या पाण्याचा निचरा सुधारला होता, बियाणं निवडलेलं होतं, मशागत वेळेवर होत होती, बैल तगडे होते. यातलं काहीही कमी असतं तर खतानं एकट्यानं तिप्पट केलं नसतं. पण त्या बाकीच्या सुधारणांना धरून ठेवणारी माती खतानं दिली, हे खरं. काळ्या मातीत सेंद्रिय अंश वाढला की ती पावसाचं पाणी पिते आणि धरते. दीड महिना पाऊस उघडला तर माझ्या शेतात खत पडलेला तुकडा आणि न पडलेला तुकडा धुऱ्यावर उभं राहून ओळखू येतात.

१९३१ मध्ये ऑक्सफर्डनं छापलेलं पुस्तक आलं, शेतीतला टाकाऊ माल आणि त्याचं खत या विषयावरचं. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. या दुसऱ्या नावानं मला थांबवलं. मराठी वळणाचं नाव, इंदूरसारख्या मराठीचा राबता असलेल्या गावात. खड्ड्यातल्या मालाचं पृथक्करण, कर्ब आणि नत्राचं प्रमाण सुरुवातीला ३३ ला १ कसं ठेवावं, शेवटी ते १० ला १ च्या आसपास कसं येतं, ही रसायनाची सगळी बाजू वाड सांभाळत होते, आणि हे सहकार्य मिळालं हे आपलं भाग्य, असं हॉवर्डनं स्वतः लिहिलं आहे. ३३ ला १ हा आकडा साधा नाही. काडीकचरा जास्त झाला तर ढीग थंड पडतो, शेण-मूत जास्त झालं तर नत्र हवेत उडतो. हा तोल सापडला म्हणून इंदूरची रीत केनियाच्या मळ्यातही चालली. नाहीतर ती एका शेतापुरती हातोटी राहिली असती.

हॉवर्ड १९३१ मध्ये परत गेला, १९३४ मध्ये सर झाला, १९४० मध्ये त्याचं गाजलेलं पुस्तक आलं, १९४७ मध्ये वारला. वाड इंदूरला राहिले. १९३४ मध्ये एफ. के. जॅक्सन यांच्याबरोबर त्यांनी एक पुस्तिका काढली, वस्तीतला कचरा आणि मैला इंदूर पद्धतीनं कसा कुजवावा याची. माझ्या मते हे काम पहिल्या पुस्तकाइतकंच महत्त्वाचं आहे. शेतातून धान्य शहरात जातं आणि परत काहीच येत नाही. मातीचा कस गाडीगाडीनं शहराच्या गटारांत जातो. तो परत शेतात आणायचा तर शहराच्या घाणीला हात घालावा लागतो. ढीग ६५ अंशांना तापला की रोगजंतू मरतात, माशीची अळी मरते, हे त्यांनी करून दाखवलं.

पण घाणीला हात कोणाचा? इथं ही सुंदर विद्या एका भिंतीला थडकते. मैला वाहणारे हात पिढ्यान्पिढ्या ठरलेल्या जातींचे होते. खताची पद्धत कितीही शास्त्रशुद्ध असली तरी डोक्यावर टोपली त्यांच्याच. जगाला सेंद्रिय शेतीची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांत या माणसांना जवळजवळ जागा नाही. आपल्याकडे हा प्रश्न ज्यांनी स्वतःच्या हातांवर घेतला त्यांत अप्पासाहेब पटवर्धन होते. कोकणचे गांधी म्हणून लोक त्यांना ओळखत. कणकवलीजवळ १९४८ मध्ये त्यांनी गोपुरी आश्रम काढला, स्वतः भंगीकाम केलं, आणि ‘गोपुरी’ संडास बसवले. या संडासात मैल्याचं सोनखत जागच्या जागी होतं, तो वाहून नेण्याचं काम कोणा दुसऱ्याला द्यावं लागत नाही. शेतीची सुधारणा आणि माणसाची सुटका एकाच खड्ड्यात व्हायला हवी, हे त्यांना कळलं होतं.

१९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्तानं गांधीजी इंदूरला आले तेव्हा त्यांनी ही कापूस-संशोधनाची संस्था पाहिली, आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून या खताची माहिती लोकांपुढे ठेवली. १९३९ च्या सुमारास बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी उलथापालथ न करता शहरी कचरा कुजवण्याची पद्धत बसवली. युद्धाच्या वर्षांत, अन्नाची टंचाई आली तेव्हा, सरकारनं नगरपालिकांना खत करायला लावलं. मग ही लाट ओसरली.

ओसरली यात नवल नाही. १९५१ मध्ये सिंदरीचा कारखाना सुरू झाला. पोत्यातलं खत पाठीवर घेऊन एक माणूस एका सकाळी शेतात टाकू शकतो. तेवढाच नत्र खड्ड्यातून द्यायचा तर गाड्या लागतात, बैल लागतात, महिने लागतात. शेतकऱ्यानं पोतं निवडलं ते फसून नव्हे. आमच्याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारी, रासायनिक खत आणि पाणी यांच्यामागे त्यांनी सगळं बळ लावलं. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी काय खाल्लं ते ज्यांनी पाहिलं ते त्या ज्वारीला नावं ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही. आज माझ्या गावात चांगल्या वर्षी एकरी सात-आठ क्विंटल कापूस होतो. हॉवर्डच्या तिप्पट केलेल्या उतार्‍यापेक्षा तो कितीतरी जास्त आहे, आणि तो पोत्याशिवाय, नव्या बियाण्याशिवाय आला नसता.

पण त्या उताऱ्याची किंमत माती भरते आहे. खत दरवर्षी जास्त टाकावं लागतं, पाऊस दहा दिवस लांबला तर पीक लगेच माना टाकतं, आणि नदी-विहिरीत नत्र उतरतो. पोत्यातलं खत पिकाला खायला देतं, मातीला घर देत नाही. दोन्ही हवंत, असं माझं मत आहे. खड्ड्यातलं खत पडलेल्या तुकड्यात मी पोती निम्म्यावर आणली आहेत आणि उतारा पडलेला नाही.

पुसदचंच दुसरं नाव नारायण देवराव पांढरीपांडे यांचं. गांधीविचारांचे कार्यकर्ते, लोक त्यांना नाडेप काका म्हणत. इंदूरच्या पद्धतीतलं जे शेतकऱ्याला जड जात होतं, नेमकं तेच त्यांनी काढून टाकलं. जमिनीत खड्डा नाही, जमिनीवर विटांचा हौद: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीत जागोजाग विटेएवढी भोकं सोडलेली, त्यांतून हवा आत जाते, म्हणून उलथापालथ करायची गरजच नाही. साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, त्याला शेण फक्त ९० ते १०० किलो, आणि चाळलेली कोरडी माती १७०० किलोच्या आसपास. शेणाचा काला, पाणी, माती, असे थरावर थर, शेवटी वर घुमट करून शेणमातीनं लिंपायचं. पंधरा-वीस दिवसांत माल खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरायचा आणि लिंपायचं. भेग पडू द्यायची नाही. साडेतीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत.

या आकड्यांकडे नीट पाहिलं की मला हा माणूस फार मोठा वाटतो. इंदूरला ४० बैल होते, रोजचे मजूर होते, पाण्याचा नळ होता. वऱ्हाडातल्या दोन-चार एकरवाल्याकडे एखादी गाय, फार तर एक बैलजोडी. १०० किलो शेणात तीन टन खत, आणि तीन उलथ्यांची मजुरी शून्य. ४० बैलांची पद्धत त्यांनी एका गायीच्या घरात आणून ठेवली. हौदाच्या भिंतीतल्या त्या भोकांमागे गॅब्रिएल हॉवर्डनं अभ्यासलेलीच हवा आहे.

नाडेप देशभर गेला. सरकारी पुस्तिकांत, कृषी सहायकांच्या दौऱ्यांत, शाळेच्या अभ्यासक्रमातही आला. मी स्वतः मुलांना त्याची आकृती काढायला लावली आहे. रोजगार हमीतून हौद बांधायला मदत मिळते, म्हणून आमच्या भागात हौद पुष्कळ आहेत. त्यातले निम्मे मी रिकामे पाहते. कशात कोंबड्या आहेत, कशात सरपण.

कारण पुन्हा तेच. बांधायचे पैसे मिळतात, भरायचे मिळत नाहीत. दीड हजार किलो काडी शेतातून आणणं, तोडणं, सतराशे किलो माती चाळणं, दीड-दोन हजार लिटर पाणी आणणं, हे सगळं ४८ तासांच्या आत, कारण भरणं लांबलं तर माल नीट तापत नाही. हे काम घरच्या बाया करतात. नवरा-मुलगा ट्रॅक्टर चालवतो, हौद बायकोच्या वाट्याला. जनावरंही कमी झाली. आता घरोघरी गॅस आला, चुलीतून शेण सुटलं, व्होल्करला हवं होतं ते अखेर झालं, आणि तेवढ्यात गोठे रिकामे झाले.

पऱ्हाटीचं तर जळणं वाढलं. गुलाबी बोंडअळीमुळे ती शेतात किंवा धुऱ्यावर ठेवू नका असं विद्यापीठं सांगतात आणि ते बरोबरच आहे. अळी तिच्यातल्या वाळक्या बोंडांत झोपून राहते. पण त्याचा सोपा अर्थ लोकांनी काडी ओढा असा घेतला. जानेवारी-फेब्रुवारीत आमच्या भागात संध्याकाळी रानोरान धूर दिसतो. तोच माल चुरून, शेणाच्या काल्यात भिजवून तापवला तर अळीही जाते आणि मातीला खतही मिळतं. गाडीच्या चाकाखाली चुरा करण्याचे दिवस गेले, पण ट्रॅक्टरला जोडायचं कुट्टीयंत्र आता भाड्यानं मिळतं. आमच्या बचत गटानं गेल्या दोन हंगामांपासून ते सामाईक घ्यायला सुरुवात केली आहे. हौद एकेकीचा, भरायला सगळ्या, सावडीनं. चारजणी असल्या की सकाळी सुरू केलेला हौद दुसऱ्या दिवशी दुपारी लिंपून होतो. एकटीला त्याला आठवडाही पुरत नाही.

इंदूरची ती जागा आज कृषी महाविद्यालयाची आहे. शहरही घाणीच्या कामात देशात नाव काढून आहे. २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात सतत वरचढ, ओला-सुका कचरा घरातच वेगळा, आणि २०२२ मध्ये रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्यावर चालणारा बायोगॅसचा प्रकल्प. जॅक्सन आणि वाड यांची १९३४ ची पुस्तिका ज्या गावात निघाली, त्याच गावात हे घडतं आहे याचा मला आनंद आहे. तिथल्या खताचे ट्रक किती शेतांपर्यंत पोचतात आणि ओला कचरा वेगळा काढणाऱ्या हातांना काय मिळतं, हेही प्रत्येक पाहुण्यानं विचारावं.

आमच्या ग्रामसभेत मी यंदा एक ठराव मांडला आहे. रोजगार हमीत हौद बांधण्याबरोबर हौद भरण्याचेही दिवस धरावेत, एका हौदाला चार बायांचे दोन दिवस. माती चाळणं, काडी आणणं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भरून लिंपणं, हे सगळं हजेरीपटावर यावं. ग्रामसेवकांनी तो लिहून घेतला आहे. आता तो तालुक्याला जाईल.